वाचकांचे प्रश्न : स्विचचा कारभार वेब-एपीआयवर सोपवताना

नेटवर्क स्विचवर (यंत्रांना नेटवर्कमध्ये जोडणाऱ्या उपकरणावर) एसएसएचने, म्हणजे दुरून सुरक्षित लॉगिन करून, एकेक कमांड टाकण्याऐवजी तीच कामे एचटीटीपीएसवरून प्रोग्रॅमकरवी उरकण्याची सोय, म्हणजे वेब-एपीआय, आता व्यावसायिक दर्जाच्या बहुतेक स्विचमध्ये मिळते. तिच्याविषयी आलेल्या पत्रांपैकी काही निवडून या अंकात एकत्र घेतली आहेत. 'कोणत्या कंपनीचा स्विच घ्यावा' एवढेच विचारणारी पत्रे वगळली आहेत, कारण त्या प्रश्नाचे उत्तर पत्रलेखकाच्या अंदाजपत्रकात असते, या सदरात नसते.

प्रश्न : आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात साठेक स्विच आहेत आणि प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला प्रयोगशाळांच्या पोर्टची व्हीलॅन (एकाच नेटवर्कचे पाडलेले आभासी भाग) बदलावी लागतात. मी पायथनमध्ये एक स्क्रिप्ट लिहिली आहे. ती एसएसएचने स्विचमध्ये शिरते, कमांड टाकते आणि पडद्यावर येणारा मजकूर वाचून काम झाले की नाही ते ठरवते. ती व्यवस्थित चालते. मग एपीआयच्या मागे लागण्याचे कारण काय? (एक वाचक, सांगली)

उत्तर : स्क्रिप्ट चालत असेल तर ती मोडीत काढण्याची घाई करू नये. स्विचपर्यंत कमांड पोहोचवण्याचे काम एसएसएचनेही नीट होते. खरा फरक पडतो तो स्विचने दिलेले उत्तर वाचताना. 'शो इंटरफेसेस स्टेटस' हीच कमांड घ्या. तिचा मजकूर माणसाच्या डोळ्यांसाठी रकान्यांत बसवलेला असतो. सिस्कोच्या स्विचवर त्यात आधी पोर्टचे नाव, मग वर्णन, मग स्थिती आणि मग व्हीलॅन असा क्रम असतो, आणि वर्णन लांबलचक असेल तर रकान्यात मावेल तेवढेच छापले जाते. आपली स्क्रिप्ट मोकळ्या जागांवर ओळ तोडून चौथा शब्द व्हीलॅन म्हणून उचलत असेल, तर वर्णनात 'लॅब' एवढा एकच शब्द असेपर्यंत सारे ठीक चालेल. ज्या दिवशी एखादा सहकारी तेथे 'लॅब तीन प्रिंटर' असे लिहील त्या दिवशी आपल्या नोंदीत त्या पोर्टचे व्हीलॅन 'प्रिंटर' असे लागेल. चालू पोर्टसाठी सिस्को 'कनेक्टेड' आणि बंद पोर्टसाठी 'नॉटकनेक्ट' असे शब्द छापते. केवळ 'कनेक्ट' हा तुकडा शोधणारी स्क्रिप्ट दोन्ही पोर्ट चालू धरते, आणि ही चूक कित्येक महिने कोणाच्या लक्षातही येत नाही.

एपीआयकडून येणारे उत्तर बहुधा जेसन स्वरूपात असते आणि त्यात प्रत्येक मूल्य आपापल्या नावाखाली असते. वर्णनात कितीही शब्द असले तरी व्हीलॅनचे मूल्य व्हीलॅनच्याच नावाखाली सापडते. स्विचचे सॉफ्टवेअर अद्ययावत केल्यावर रकान्यांची रुंदी बदलली तरी आपल्या प्रोग्रॅमला त्याचा पत्ता लागण्याचे कारण नसते.

ही गरज जुनी आहे. उपकरणांशी बोलण्याचा एसएनएमपी हा प्रोटोकॉल १९८८ मध्ये आला, परंतु तो बहुतांशी देखरेखीपुरताच वापरला गेला. उपकरणाची मांडणी बदलायची झाली की अभियंते पुन्हा कमांडकडेच वळत. इंटरनेट आर्किटेक्चर बोर्डाने २००२ मध्ये नेटवर्क चालवणाऱ्यांना आणि प्रोटोकॉल लिहिणाऱ्यांना एकत्र बसवून हीच अडचण मांडून घेतली, आणि त्या बैठकीचा अहवाल पुढच्या वर्षी आरएफसी (इंटरनेटविषयक क्रमांकित दस्तऐवजांची माला) ३५३५ म्हणून प्रसिद्ध झाला. त्यानंतर २००६ मध्ये मांडणी बदलण्यासाठीचा नेटकॉन्फ हा प्रोटोकॉल, २०१० मध्ये माहितीचा साचा वर्णन करणारी यांग ही भाषा आणि जानेवारी २०१७ मध्ये तोच साचा एचटीटीपीवरून उघडा करणारे रेस्टकॉन्फ, म्हणजे आरएफसी ८०४०, अशी ही वाटचाल झाली. दरम्यान काही कंपन्यांनी याहून सोपा मार्ग काढला : नेहमीच्या कमांडच एचटीटीपीच्या विनंतीत गुंडाळून पाठवायच्या आणि उत्तर जेसनमध्ये घ्यायचे. एरिस्टाची ई-एपीआय आणि सिस्कोच्या नेक्सस मालिकेवरील एनएक्स-एपीआय या त्या जातीच्या आहेत. ज्याला कमांड तोंडपाठ आहेत त्याला दुसरी वाट लवकर जमते, तर पहिल्या वाटेवर साचा समजून घ्यायला वेळ जातो, पण कंपनी बदलली तरी पद्धत तीच राहते.

आपल्या साठ स्विचमध्ये कॅटॅलिस्ट २९६० सारखे जुने स्विच असतील, तर त्यांवर रेस्टकॉन्फ मिळणार नाही. तेथे एसएसएचच राहू द्यावे आणि स्वतःचा मजकूर-वाचक लिहीत बसण्यापेक्षा नेटमिको ही तयार पायथन लायब्ररी वापरावी. नव्या स्विचवर एपीआयची सुरुवात केवळ वाचण्यापासून करावी : कोणत्या पोर्टला कोणते व्हीलॅन आहे, कोणता मॅक पत्ता (यंत्राच्या नेटवर्क-कार्डाचा पत्ता) कोठे दिसतो, कोणते पोर्ट वापरात नाहीत. असा तक्ता रोज रात्री आपोआप तयार होऊ लागला की एखाद-दोन सत्रांत आपल्या नेटवर्कची जी माहिती हाती येईल, ती अनेक महाविद्यालयांच्या फायलींतही सापडत नाही. बदल करणारा प्रोग्रॅम त्या तक्त्याच्या आधारावर लिहावा.

प्रश्न : एरिस्टाच्या स्विचवर ई-एपीआय सुरू केली. पहिल्या विनंतीत 'इनेबल' पाठवली, ती यशस्वी झाल्याचे उत्तर आले. लगेच दुसऱ्या विनंतीत 'शो रनिंग-कॉन्फिग' पाठवली तर अधिकार नसल्याची चूक आली. वापरकर्ता तोच, पासवर्ड तोच. चुकते कोठे? (नेटवर्क अभियंता, पुणे)

उत्तर : एसएसएचचे सत्र चालू असते तोवर स्विचला आपण कोठे आहोत हे आठवत असते, ई-एपीआयची प्रत्येक विनंती मात्र कोऱ्या पाटीवर सुरू होते. पहिल्या विनंतीतील 'इनेबल'चा अधिकार त्या विनंतीबरोबरच संपला. 'रन-कमांड्स' या पद्धतीला कमांडची यादी द्यायची असते, तेव्हा 'इनेबल' आणि तिच्यापुढील कमांड एकाच यादीत, त्याच क्रमाने द्याव्यात. 'इनेबल'ला वेगळा पासवर्ड असेल तर त्या कमांडच्या जागी दोन भागांची जोडी पाठवता येते, एका भागात कमांड आणि दुसऱ्यात तिला द्यायचे उत्तर. मांडणी बदलतानाही हाच नियम लागू होतो : 'इनेबल', 'कॉन्फिगर', मग पोर्टचे नाव, मग त्यावरचा बदल, असे सारे एकाच यादीत गेले पाहिजे.

यादीतली एखादी कमांड फसली तर तिच्यापुढच्या कमांड चालत नाहीत, परंतु तिच्या आधीच्या चाललेल्या असतात आणि त्यांचा परिणाम स्विचवर राहतो. दहा कमांडपैकी सातवी फसली तर आपल्या हातात सहा बदल झालेला स्विच उरतो. म्हणून मांडणीचे बदल थेट चालू कॉन्फिगरेशनवर न करता 'कॉन्फिगर सेशन'मध्ये करावेत. त्यात सारे बदल आधी बाजूला जमा होतात, चालू मांडणीशी त्यांचा फरक मागवून पाहता येतो, आणि मग एकदमच लागू करता येतात किंवा टाकून देता येतात. लागू करताना 'कमिट टाइमर' देऊन पाच मिनिटांची मुदत घालता येते. तेवढ्या वेळात त्याच सत्राला पुन्हा 'कमिट' म्हणून पक्के केले नाही, तर स्विच आपणहून जुन्या मांडणीवर परततो. दूरच्या केंद्रातल्या स्विचवर ही मुदत न लावता काम करणे मला अजिबात मान्य नाही.

एखाद्या कमांडला जेसन स्वरूप उपलब्ध नसेल तर तशी चूक परत येते. तेवढ्या कमांडसाठी मजकूर-स्वरूप मागावे, सगळा प्रोग्रॅम मजकुरावर नेऊ नये.

प्रश्न : रेस्टकॉन्फने 'गिगाबिटइथरनेट१/०/१' या पोर्टची माहिती मागितली की ती सापडत नसल्याची चूक येते. पोर्ट तर स्विचवर दिसतो आहे. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : पोर्टच्या नावातील तिरकी रेघ पत्त्यातील तिरक्या रेघेसारखीच असल्यामुळे स्विच नाव मध्येच तोडतो. नावातील प्रत्येक रेघेच्या जागी टक्क्याचे चिन्ह, २ आणि एफ अशी तीन चिन्हे लिहावीत. पायथनमधील 'कोट' या फंक्शनकडून हे काम करून घेताना 'सेफ' हा पर्याय रिकामा ठेवावा, नाहीतर ते तिरक्या रेघेला हात लावत नाही.

प्रश्न : आमच्या कारखान्यात एका ट्रंक पोर्टचे (अनेक व्हीलॅन एकत्र वाहणाऱ्या पोर्टचे) वर्णन बदलायचे होते. रेस्टकॉन्फच्या 'पुट' विनंतीने पोर्टचे नाव आणि नवे वर्णन एवढेच पाठवले. उत्तर २०४ आले, म्हणजे यशस्वी. पण त्याच क्षणी त्या पोर्टवरून जाणारी सगळी व्हीलॅन बंद पडली आणि उत्पादन विभागातील यंत्रांचा संपर्क तुटला. स्विचने सांगितले त्याहून जास्त का केले? (देखभाल विभाग, नाशिक)

उत्तर : स्विचने सांगितले तेवढेच केले. रेस्टकॉन्फमध्ये 'पुट' या विनंतीचा अर्थ 'या पत्त्यावर जे काही आहे ते काढून त्याजागी मी पाठवतो आहे ते ठेव' असा आहे. आपण केवळ वर्णन पाठवले. त्यात ट्रंकचा उल्लेख नव्हता, म्हणून ट्रंकची मांडणी गेली. आहे त्यात भर घालण्यासाठी 'पॅच' ही वेगळी विनंती आहे.

ही गल्लत एपीआयने आणलेली नाही. सिस्कोच्या स्विचवर 'स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ३०' असे टाकले की ३० सोडून बाकीची सारी व्हीलॅन त्या ट्रंकवरून उतरतात. यादीत ३० ची केवळ भर घालायची असेल तर 'व्हीलॅन'पुढे 'ॲड' लिहावे लागते. या तीन अक्षरांच्या विसराने किती कार्यालयांचे नेटवर्क बंद पडले असेल याची गणती नाही, आणि नेटवर्कच्या कामात मुरलेला माणूस ती कमांड टाकताना आजही क्षणभर थबकतो. प्रोग्रॅम थबकत नाही. हाताने केलेली चूक एका ट्रंकपुरती राहते, तर तीच चूक प्रोग्रॅमच्या आवर्तनात (लूपमध्ये) बसवली की यादीतला शेवटचा स्विच येईपर्यंत ती थांबत नाही.

'पॅच' वापरला की प्रश्न मिटला असेही समजू नये. ट्रंकवर चालणारी व्हीलॅन काही साच्यांत स्वतंत्र नोंदींची यादी म्हणून ठेवलेली असतात, आणि तेथे 'पॅच'ने पाठवलेली नोंद यादीत मिसळते. काही साच्यांत मात्र '१०,२०,४०-४५' अशी सगळी यादी एकाच अक्षरमालेत असते. तेथे 'पॅच'ने '३०' पाठवले तर ती संपूर्ण अक्षरमाला जाऊन '३०' एवढेच उरते, म्हणजे परिणाम 'पुट'सारखाच होतो. तेव्हा आपल्या स्विचच्या साच्यात ती नोंद कोणत्या प्रकारची आहे हे आधी पाहावे. त्यासाठी 'गेट' विनंतीने एका पोर्टची पूर्ण माहिती मागवून उत्तर डोळ्यांखालून घालणे पुरेसे असते.

यापुढे क्रम असा ठेवावा. आधी 'गेट'ने पोर्टची सध्याची मांडणी आणून फाइलमध्ये जतन करावी. नवी मांडणी प्रोग्रॅमने त्या जुन्या मांडणीतून तयार करावी, हाताने लिहिलेल्या तुकड्यातून नव्हे. दोहोंतला फरक छापावा, आणि तो अपेक्षेपेक्षा एका ओळीनेही मोठा असेल तर प्रोग्रॅमने तेथेच थांबावे. मग 'पॅच' पाठवावा आणि पुन्हा 'गेट' करून परिणाम ताडून पाहावा. आपण वाचल्यानंतर आणि लिहिण्याआधी दुसऱ्या कोणी त्याच मांडणीत बदल केला असेल, तर तो पुसला जाण्याचा धोका राहतो. त्यासाठी रेस्टकॉन्फमध्ये 'ई-टॅग'ची तरतूद आहे : वाचताना मिळालेली खूण लिहिताना 'इफ-मॅच' या शीर्षकाखाली परत पाठवायची, आणि मधल्या काळात मांडणी बदललेली असेल तर स्विच ४१२ हे उत्तर देऊन बदल नाकारतो.

२०४ या उत्तराबद्दलही थोडे लिहिणे भाग आहे. त्याचा अर्थ 'विनंती मान्य झाली, सांगण्यासारखा मजकूर नाही' इतकाच आहे. ट्रंकच्या पलीकडचा स्विच दिसतो का, यंत्रांचे मॅक पत्ते योग्य व्हीलॅनमध्ये परत उमटले का, प्रवेशद्वाराच्या पत्त्याला पिंग जाते का, हे त्या उत्तरात नसते. ही तपासणी प्रोग्रॅममध्येच लिहावी, बदलाच्या आधी एकदा आणि नंतर एकदा, म्हणजे आधीपासून बंद असलेल्या यंत्राचे खापर आपल्या बदलावर फुटणार नाही.

परतीच्या वाटेच्या बाबतीत रेस्टकॉन्फ कमी पडते, हे मान्य केले पाहिजे. नेटकॉन्फमध्ये, जे एसएसएचवरून ८३० क्रमांकाच्या पोर्टवर चालते, बदल आधी मसुद्यात ठेवण्याची आणि मुदतीच्या अटीवर लागू करण्याची सोय अनेक उपकरणांवर असते. ती मुदत वेगळी दिली नाही तर ६०० सेकंद धरली जाते. रेस्टकॉन्फचा बदल विनंतीसरशी लागू होतो. सिस्कोच्या आयओएस-एक्सई या प्रणालीवर मात्र एक जुनी युक्ती अजून उपयोगी पडते. तेथे रेस्टकॉन्फने केलेला बदल कायमचा जतन करण्याची विनंती वेगळी पाठवावी लागते, त्यामुळे बदलाआधी 'रिलोड इन १०' देऊन ठेवावे, सारे ठीक असल्याची खात्री झाली की ते रद्द करावे आणि मगच जतनाची विनंती पाठवावी. संपर्क तुटलाच तर दहा मिनिटांनी स्विच पुन्हा सुरू होऊन जुन्या मांडणीवर येतो. कारखान्यात दहा मिनिटे थोडी नव्हेत, परंतु रात्री गाडी काढून जाण्यापेक्षा ती बरी.

प्रश्न : तालुक्याच्या गावी आमची ब्रॉडबँड सेवा आहे. मिक्रोटिकचे स्विच आणि राउटर आहेत. राउटर-ओएसच्या सातव्या आवृत्तीत रेस्ट एपीआय आहे असे कळले. वर दिलेले नियम तिलाही लागू होतात का? (एक वाचक, सातारा जिल्हा)

उत्तर : थोडेफार होतात, आणि नेमके जेथे होत नाहीत तेथेच पाय घसरतो. मिक्रोटिकची रेस्ट एपीआय म्हणजे तिच्या नेहमीच्या कमांडची एचटीटीपी आवृत्ती आहे. रेस्टकॉन्फ आणि यांगशी तिचा संबंध नाही. येथे 'पुट' म्हणजे नवी नोंद करणे आणि 'पॅच' म्हणजे असलेल्या नोंदीतील रकाना बदलणे. त्यामुळे नाशिकच्या वाचकांसारखा 'पुट'चा फटका येथे त्या रूपात बसणार नाही, पण 'पॅच'चा बसू शकतो. ब्रिजच्या व्हीलॅन तक्त्यात 'टॅग्ड' या रकान्यात पोर्टची नावे स्वल्पविरामांनी जोडून लिहिलेली असतात. त्यात 'ईथर५' ची भर घालायची म्हणून केवळ 'ईथर५' पाठवले, तर आधीची सर्व नावे निघून जातात. आधी वाचावे, यादीत भर घालावी आणि पूर्ण यादी परत पाठवावी.

दुसरी गोष्ट अशी की ही एपीआय जेसनमधील सारी मूल्ये अक्षरमालेच्या रूपात देते, आकडेसुद्धा आणि खरे-खोटेसुद्धा. एखादा पोर्ट बंद ठेवला आहे का हे सांगणाऱ्या 'डिसेबल्ड' या रकान्यात 'फॉल्स' येते, पण ते अवतरणचिन्हांतले 'फॉल्स' असते, आणि पायथनच्या दृष्टीने रिकामी नसलेली कोणतीही अक्षरमाला खरीच ठरते. 'जर डिसेबल्ड असेल तर' अशी सरळ अट लिहिली तर आपल्या सगळ्या चालू पोर्टवर बंदचा शिक्का बसेल. तुलना नेहमी 'ट्रू' या शब्दाशी करावी.

राउटर-ओएसच्या टर्मिनलमध्ये 'सेफ मोड' असतो, त्यात सत्र अवचित तुटले तर बदल परत घेतले जातात. रेस्टची प्रत्येक विनंती स्वतंत्र असल्यामुळे त्या सोयीच्या भरवशावर प्रोग्रॅम लिहू नये. आधी बॅकअप आणि एक्स्पोर्ट फाइल दोन्ही काढून दुसऱ्या यंत्रावर ठेवाव्यात. ही एपीआय 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-एसएसएल' सेवेवरून वापरावी आणि त्या सेवेच्या 'ॲड्रेस' रकान्यात आपल्या व्यवस्थापनाच्या यंत्राचाच पत्ता ठेवावा. तो रकाना रिकामा ठेवणे म्हणजे ग्राहकांच्या बाजूनेही दार उघडे ठेवणे होय.

प्रश्न : आम्ही सहकारी बँकेत आहोत. लेखापरीक्षकांनी वर्षानुवर्षे 'स्विचचे वेब पान बंद ठेवा' असे बजावले आहे. आता एपीआयसाठी तेच उघडायचे? (माहिती तंत्रज्ञान विभाग, जळगाव)

उत्तर : लेखापरीक्षकांचे म्हणणे निराधार नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिस्कोच्या आयओएस-एक्सईमधील वेब पानात सीव्हीई-२०२३-२०१९८ या क्रमांकाचा दोष उघड झाला. लॉगिन न करताच हल्लेखोराला सर्वोच्च, म्हणजे १५ व्या पातळीचा वापरकर्ता निर्माण करता येत होता. दोषाची तीव्रता १० पैकी १० ठरवण्यात आली, आणि दुरुस्ती हाती येण्यापूर्वीच जगभरातील हजारो उपकरणांत शिरकाव झाला होता. दोष वेब पानाचा होता हे खरे, पण त्याच उपकरणांवर रेस्टकॉन्फसाठीही एचटीटीपीएसची सेवा सुरू करावी लागते, म्हणून ही घटना आपल्या निर्णयाशी निगडित आहे. ज्यांची ती सेवा इंटरनेटच्या बाजूने पोहोचण्याजोगी होती त्यांना मोठा फटका बसला.

तेव्हा सेवा सुरू करावी, पण ती केवळ व्यवस्थापनाच्या वेगळ्या नेटवर्कवर, प्रवेशयादीत एक-दोन यंत्रांचेच पत्ते ठेवून, आणि साधे एचटीटीपी पूर्ण बंद ठेवून. शाखेतील कोणत्याही टेबलावरून स्विचचा तो पत्ता उघडता कामा नये. प्रोग्रॅमसाठी स्वतंत्र वापरकर्ता करावा, तो टॅकॅक्स किंवा रेडियस या लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरवर असावा, आणि केवळ वाचणाऱ्या प्रोग्रॅमला केवळ वाचण्याचाच अधिकार द्यावा. कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंद त्यामुळे आपोआप राहते, आणि लेखापरीक्षकांना दाखवण्यासाठी ती सामायिक 'ॲडमिन' खात्यापेक्षा कितीतरी चांगली आहे. पासवर्ड स्क्रिप्टमध्ये लिहू नये. तो एकदा गिटमध्ये (प्रोग्रॅमच्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात) गेला की पुढच्या दुरुस्तीत पुसला तरी इतिहासात राहतो.

प्रमाणपत्राबाबत बहुतेक जण पळवाट काढतात. स्विचचे स्वतःचेच सही केलेले प्रमाणपत्र पायथनची 'रिक्वेस्ट्स' लायब्ररी नाकारते, मग 'व्हेरिफाय' हा पर्याय 'फॉल्स' करून तपासणीच बंद केली जाते, आणि त्यावर येणारी धोक्याची सूचनासुद्धा एका ओळीने गप्प केली जाते. असे केल्यावर वाटेत बसलेल्या कोणालाही स्विच असल्याचे सोंग घेऊन पासवर्ड घेता येतो. बँकेचे स्वतःचे प्रमाणपत्र-केंद्र बहुधा असतेच. त्याच्याकडून स्विचसाठी प्रमाणपत्रे घ्यावीत आणि 'व्हेरिफाय'मध्ये त्या केंद्राच्या मूळ प्रमाणपत्राच्या फाइलचा मार्ग द्यावा. स्विचला आयपी पत्त्याने हाक मारणार असाल तर तो पत्ता प्रमाणपत्रातील पर्यायी नावांत आला पाहिजे, नाहीतर प्रमाणपत्र खरे असूनही तपासणी फसेल आणि पुन्हा 'फॉल्स'चा मोह होईल.

प्रश्न : घरी स्विच नाही. शिकायचे कसे? आणि हे सगळे आपोआप होऊ लागल्यावर आम्हाला नोकरी कोण देणार? (विद्यार्थिनी, फोंडा)

उत्तर : एरिस्टाच्या स्विच-सॉफ्टवेअरची सी-ईओएस ही कंटेनर-आवृत्ती (लॅपटॉपवर चालणारा आभासी स्विच) नोंदणी केल्यावर विनामूल्य मिळते आणि कंटेनरलॅबच्या साहाय्याने बऱ्यापैकी स्मृती असलेल्या लॅपटॉपवर चार-पाच स्विचचे नेटवर्क उभे राहते. मिक्रोटिकची सीएचआर ही आवृत्तीही विनामूल्य चालते. तिचा वेग प्रत्येक इंटरफेसला १ एमबीपीएसवर अडवलेला असतो, पण शिकण्यासाठी त्याने काही बिघडत नाही. सिस्कोच्या डेव्हनेट संकेतस्थळावर सरावासाठी उपकरणे उपलब्ध असतात. एक सूचना मात्र करतो : व्हीलॅन, ट्रंक आणि स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमधील वर्तुळे टाळणारी पद्धत) हाताने करून नीट कळल्याशिवाय एपीआयला हात लावू नका. नोकरीच्या मुलाखतीत विनंती कशी पाठवायची हे सांगणारे पुष्कळ भेटतात. ती पाठवल्यावर वर्तुळ कोठे तयार होईल हे सांगणारे थोडे.

प्रश्न : आम्ही दुबईतील एका समूहाच्या निरनिराळ्या इमारतींतील स्विच सांभाळतो. ॲन्सिबल हे तयार स्वयंचलन-साधन वापरावे की स्वतःचा प्रोग्रॅम लिहावा, यावर आमच्यात दोन तट पडले आहेत. (एक मराठी वाचक, दुबई)

उत्तर : वाचनाची आणि अहवालाची कामे असतील तर स्वतःचा प्रोग्रॅम आटोपशीर पडतो. बदलांसाठी मी ॲन्सिबलच्या बाजूचा आहे, कारण त्यात 'काय करायचे' यापेक्षा 'काय असावे' हे लिहिले जाते : पोर्ट आधीच तसा असेल तर चांगले मॉड्यूल त्याला हात लावत नाही, आणि तीच फाइल दुसऱ्यांदा चालवली तर बदलांची संख्या शून्य यावी लागते. ती शून्य येत नसेल तर आपले लिखाण किंवा ते मॉड्यूल यांपैकी कोठेतरी खोट आहे. प्रत्यक्ष चालवण्याआधी 'चेक' आणि 'डिफ' हे दोन पर्याय लावून फरक पाहता येतो. मात्र केवळ कमांड ढकलणारी काही मॉड्यूल 'चेक'मध्ये काहीच तपासत नाहीत, तेव्हा त्या शांततेवर विसंबू नये.

आपल्या दोन्ही तटांनी अधिक लक्ष क्रमाकडे द्यावे. इमारतींना जोडणाऱ्या ट्रंकवर बदल करायचा असेल तर आधी सर्वांत दूरचा स्विच बदलावा आणि मग मागे मागे येत आपल्याजवळचा. जवळचा आधी बदलला तर दूरच्यापर्यंत पोहोचण्याची वाटच तुटते आणि पुढची विनंती जाणार तरी कशी? ॲन्सिबल डीफॉल्टने पाच उपकरणांवर एकदम काम सुरू करते, म्हणून अशा बदलांत 'सिरियल' हा पर्याय देऊन एकेक किंवा लहान गट करावेत, आणि एका गटाची नंतरची तपासणी फसली की पुढचा गट सुरूच होऊ नये अशी अट घालावी.

आपल्या पत्रात दर सेकंदाला प्रत्येक स्विचकडून पोर्टचे आकडे मागवण्याचा विचारही आहे. स्विचमधून जाणारी रहदारी स्वतंत्र चिपवरून धावते, पण एपीआयला उत्तर देणारा प्रोसेसर लहान असतो आणि स्पॅनिंग ट्रीसारखी कामे त्याच्याच माथी असतात. आकड्यांसाठी एसएनएमपी अजूनही पुरेसे आहे. फक्त ६४ बिटांचे मोजमाप वाचावे, कारण ३२ बिटांचे मोजमाप १ जीबीपीएसच्या भरलेल्या दुव्यावर सुमारे ३४ सेकंदांत पुन्हा शून्यावर येते आणि मिनिटाला एकदा वाचणाऱ्याला भलताच आलेख दिसतो. याहून बारीक नोंद हवी असेल तर स्विचने स्वतःहून आकडे पाठवत राहण्याची जीएनएमआयची पद्धत पाहावी. तीत प्रत्येक वेळी नव्याने जोडणी आणि ओळखतपासणी करावी लागत नाही, आणि प्रोसेसरवरचा भार त्या मानाने कमी राहतो.